साडूने चढवलेला थर

माझ्या साडूने लेझरने चढवलेला पोलादाचा अख्खा थर मी लेथवर एका कटात उतरवला. शाफ्ट मिरकरवाड्यातल्या एका मच्छीमार बोटीचा होता, मासेमारीवरची पावसाळी बंदी उठायला जेमतेम आठवडा राहिला होता, आणि थर पातळ आहे हे साडूने मला स्वतः येऊन सांगितलं होतं. त्यामुळे ऐकू कमी येतं असाही बचाव मला नाही. ऐकू उत्तम आलं होतं. फक्त ते त्याच्या तोंडून आलं होतं, एवढीच अडचण.

ज्यांचा शाफ्टशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोटीच्या इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जो लांब पोलादी दांडा जातो तो शाफ्ट. बोटीच्या बुडातून बाहेर पडताना तो एका बुशमध्ये, म्हणजे घट्ट बसवलेल्या नळकांड्यात, फिरतो, आणि खारं पाणी, वाळू, गाळ हे सगळे मिळून त्याला नेमके तिथेच खातात. हळूहळू त्या जागी त्याची कंबर बारीक होते. मग बोट थरथरायला लागते, बुशमधून पाणी आत यायला लागतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढतात, शाफ्ट बाहेर काढतात आणि आमच्यासारख्यांकडे आणतात. आम्ही त्या बारीक कंबरेवर वेल्डिंगच्या रांगा टाकतो, शेताला बांध घालावा तशा, आणि मग लेथवर लावून तासून पुन्हा मापात आणतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट थोडा वाकतो. तो मग सरळ करायचा. माझं निम्मं आयुष्य आधी वाकवण्यात आणि उरलेलं सरळ करण्यात गेलं आहे.

माझे वडील हेच करायचे. एमआयडीसीतल्या कातळावरची शेड त्यांची, लांब बेडचा लेथ त्यांचा, गिऱ्हाइकंही बरीचशी त्यांचीच. माझं स्वतःचं म्हणावं असं तिथे एक भिंतीवरचं कॅलेंडर आहे आणि माझा स्वभाव. तोही वडिलांचाच, असं आई म्हणायची.

त्या गिऱ्हाइकांमधले सगळ्यात जुने म्हणजे चाचा. या गोष्टीतली बोट त्यांची. माझ्या वडिलांचे ते दोस्त, म्हणून माझे चाचा. त्यांच्या घरात एक रीत आहे. बंदी उठल्यावर पहिल्या फेरीत जी सगळ्यात मोठी सुरमई लागेल ती विकायची नाही, ज्याच्या हाताने शाफ्ट दुरुस्त झाला त्याच्या घरी पाठवायची. चाचांचं म्हणणं असं की बोट अल्लाच्या हवाली असते, पण शाफ्ट माणसाच्या हवाली असतो, आणि त्या माणसाला विसरून चालत नाही.

ती सुरमई मी लहानपणापासून आमच्या दारात येताना बघत आलो. वडील गेल्यावरही ती येत राहिली, माझ्या नावाने. मागच्या दारी नळ असूनही मी ती पुढच्या अंगणात धुवायचो, बादल्या आपटत, म्हणजे वाडीत कोणाला कळायचं राहून जाऊ नये. रत्नागिरीत शाफ्टचं काम कुणाकडे न्यावं असं कोणी विचारलं की लोक माझं नाव घ्यायचे, आणि माझ्या मते त्याचं कारण ती सुरमई होती. आयटीआयचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, पण ते वाळवीने अर्धं खाल्लंय. सुरमई मात्र दरवर्षी ताजी यायची.

आता साडू.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भाऊ आपण निवडत नाही, मेहुणाही निवडत नाही, पण साडू म्हणजे तर ज्याच्या निवडीत आपल्याला कोणी जेवायलासुद्धा बोलावलेलं नसतं असा माणूस. हा डिप्लोमा करून पुण्याला गेला, तिथे कुठल्याशा कारखान्यात या लेझरच्या मशिनींवर राबला, मग काही वर्षं आखातात काढली, आणि एक दिवस परत येऊन त्याने दोन भागीदारांबरोबर एमआयडीसीत शेड घेतली. सगळी एमआयडीसी मोकळी पडलेली असताना घेतली ती माझ्या शेडच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता. त्याच्या शेडला एसी. मशीनला थंडावा लागतो म्हणे. माझ्या लेथला कधी लागला नाही, आणि मला लागतो की नाही हे कोणी विचारलं नाही.

त्याच्या शेडच्या पूजेच्या दिवशी सगळे जमलो. दोघी बहिणी नटून आल्या होत्या. साडूने आम्हाला हिरव्या काचेच्या खिडकीसमोर उभं केलं. आत एक नारिंगी यांत्रिक हात, त्याच्या टोकाला कणसासारखं निमुळतं तोंड, बाजूला गॅसचा सिलिंडर आणि एका भांड्यात करड्या रंगाची पोलादाची पूड, रांगोळीपेक्षा बारीक. एक झिजलेला दांडा संथ फिरत होता. साडू समजावून सांगत होता की लेझरचा किरण जिथे पडतो तिथे पोलादाची नुसती साय वितळते, आणि त्याच क्षणी नळीतून पूड त्या सायीवर फवारली जाते. ती तिथेच विरघळून घट्ट होते. दांडा फिरतो, तोंड इंचइंच सरकतं, आणि नव्या धातूची पट्टी आधीच्या पट्टीला चिकटून बसत जाते. खाली साधं पोलाद, वर न गंजणारं.

"फक्त वरची साय तापते, दादा," तो मला म्हणाला. "त्यामुळे जॉब वाकत नाही."

वाकत नाही, हे त्याने असं सहज सांगितलं, जणू आज भात मऊ झालाय. माझ्या धंद्याचा निम्मा भाग त्या एका वाक्यात गेला. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

"बंदच आहे की हे," मी म्हणालो. "आवाज कुठे आहे?"

"चालू आहे, दादा. एवढाच आवाज येतो."

सासूबाई हसल्या. त्या एरवी हसत नाहीत. मग साडूने मशीन थांबवलं, दार उघडलं आणि दांड्यावर थरापासून थोडं अलीकडे हात ठेवायला सांगितला. कोमट. माझ्या वेल्डिंगनंतर शाफ्टवर आमटीला फोडणी देता येते. मी हात पटकन मागे घेतला, भाजल्यासारखा. माझ्या बायकोनेही हात लावून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या शर्टाकडे. पूजेला म्हणून मी त्यातल्या त्यात बरा शर्ट घातला होता. त्याला पोटावर ठिणग्यांची तीनचार भोकं होती.

"भावोजींच्या शर्टाला एक भोक नाही," ती घरी येताना म्हणाली. तेवढंच.

तिथून पुढे मला झोपेतसुद्धा हिरवी काच दिसायला लागली. समोर कोणाची गाडी थांबली की माझा लेथ आपोआप मंद व्हायचा. कोणीतरी जाळं ओढायच्या विंचच्या गिअरचा तुटलेला दात घेऊन आला आणि साडूने थरावर थर देत नवा दात उभा केला. दात तुटला म्हणजे गिअर भंगारात, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना किती वर्षं ठासून सांगत आलो होतो. पोफळीच्या वीजकेंद्राकडून कोणी साहेब टर्बाइनच्या पात्यांवर लेप देता येईल का असं विचारायला येऊन गेले, ही बातमी मला साळीने, म्हणजे साडूच्या बायकोने, सांगितली, मग बायकोने सांगितली, मग सासूबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितली. मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "हो का" म्हणालो. त्यात तिसरा "हो का" जरा जोरात गेला.

पण खरा घाव खवणीचा. आमच्या घरातल्या खवणीचे दात पार झिजले होते. नारळ खवताना बायकोचा जीव जायचा. दात करून द्या, असं ती मला किती सणांपासून सांगत होती, आणि मी म्हणायचो, बघू, लेथ मोकळा झाला की. एक दिवस ती खवणी पिशवीत घालून समोर घेऊन गेली. समोर म्हणजे माझ्या शेडवरून, माझ्या देखत. संध्याकाळी परत आणली. दातांवर बारीक चंदेरी कडा, एकसारखी, सोनाराने केल्यासारखी.

"खोबरं कसं पडतंय बघा," ती म्हणाली. "नुसता कापूस."

त्या दिवशीची सोलकढी मी दोन वाट्या प्यालो आणि प्रत्येक घोटाला मनात म्हणत होतो, ही काही एवढी चांगली झालेली नाही.

अशात आगोटीला, पावसाच्या तोंडावर, बोटी वर ओढल्या गेल्या आणि एक दिवस चाचा माझ्या शेडमध्ये येऊन नेहमीच्या स्टुलावर बसले. मी चहा मागवला. शाफ्ट बरोबर नव्हता. दरवर्षी टेम्पोत शाफ्ट आणि पुढे ड्रायव्हरशेजारी चाचा असे यायचे.

"यंदा शाफ्ट समोर दिलाय," चाचा म्हणाले.

मी बशीत चहा ओतला. बशी भरली, मग टेबल भरलं.

"रागावलास?"

"छे. मी कशाला रागावतो. घरातलाच आहे तो."

"बुशच्या जागी न गंजणारा थर देतो म्हणतो. दरसाल काढा, दरसाल भरा, हे बंद होईल. माझं आता वय झालं, दरसाल तो दांडा बघायला मला नको वाटतं."

"करून बघा," मी म्हणालो. "पातळ असतो हो तो थर. कागदासारखा. आपल्या समुद्राला टिकेल का, ते आपला समुद्र सांगेल."

"एक आहे," चाचा म्हणाले. "त्याच्याकडे लांब लेथ नाही. थर दिल्यावर मापात तासायला तो तुझ्याकडेच आणणार. तुझ्या बापाच्या लेथवर."

हे ऐकून मला केवढं बरं वाटलं ते मी चाचांना कळू दिलं नाही. शेवटचा हात माझा. म्हणजे शाफ्ट कोणी दुरुस्त केला? ज्याने शेवटचा हात लावला त्याने. सुरमई कुणाकडे? मी तिथल्या तिथे मनात तिच्या डोक्याचं कालवणसुद्धा शिजवलं, तिरफळं घालून.

शाफ्ट आला त्या सकाळी चाचा आधीच येऊन स्टुलावर बसले होते. साडू टेम्पोबरोबर रस्ता ओलांडून आला. बूट पुसलेले. मी आणि त्याने मिळून शाफ्ट लेथवर चढवला. तो निघताना दारात थांबला.

"दादा, थर पातळ आहे बरं का. मापाला थोडंसंच जास्त ठेवलंय. हलक्या हाताने घ्या."

"मी किती वर्षं हे करतोय?" मी विचारलं.

"तसं नाही, दादा."

"मग झालं."

तो गेला. आता आमच्या कामातली एक गोष्ट समजून घ्या. वेल्डिंगने भरलेला शाफ्ट म्हणजे वरून डोंगरदऱ्या असतात. वर कडक, करपलेला पापुद्रा, आत कुठे मळी, कुठे भोकं. त्यावर पहिला कट हलका घेतला तर टूल घसरतं आणि मोडतं. म्हणून पहिला कट खोल घ्यायचा, पापुद्र्याच्या खाली घुसायचं. वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, आणि माझा हात ती माझ्या डोक्याला न विचारता करतो.

त्यात समोर चाचा बसलेले. मी मशीन चालू केलं आणि भाषणही चालू केलं. म्हणालो, चाचा, हे लेझर वगैरे ठीक आहे, दिसायला छान, पण धातूला अंग पाहिजे. हा थर बघा, नखाने खरवडला तर निघेल. जाड भरणी म्हणजे माणसाला पाठीचा कणा असावा तशी. असं बरंच बोललो. बोलता बोलता हाताने चाक फिरवलं, नेहमीएवढं, आणि टूल आत गेलं.

साल काय सुंदर निघाली. माझ्या वेल्डिंगची साल तुकड्यातुकड्यांनी तुटून अंगावर उडते. ही निघाली अखंड, लांबच लांब, निळसर झाक असलेली, वेणी सोडल्यासारखी. मी त्या सालीकडे कौतुकाने बघत होतो आणि तोंडाने थर किती पातळ आहे ते सांगत होतो. या दोन गोष्टी एकमेकींना भेटाव्यात असं माझ्या डोक्यात आलं नाही.

"चमकला रे," चाचा म्हणाले.

"काम शेवटी हाताचं असतं," मी म्हणालो, आणि चमकलेल्या जागेवर अंगठा टेकवून गुळगुळीतपणा दाखवला. त्यांची नमाजाची वेळ झाली होती. ते उठले आणि गेले.

मग मी कॅलिपर लावला. परत लावला. मग कॅलिपर पुसून लावला. शेवटी कॅलिपरच बिघडला असेल असं वाटून खिशातल्या पेनाची जाडी मोजून बघितली. पेन बरोबर होतं. शाफ्ट मात्र बुशच्या जागी मापापेक्षा बारीक होता. साडूचा थर शाफ्टवर नव्हता. तो खाली ट्रेमध्ये वेणी होऊन पडला होता.

आता माणसाने घाबरावं. मी घाबरलो, नाही असं नाही, पण त्याच्या आधी, अगदी एक क्षण, मला आनंद झाला. म्हटलं, बघा, शाफ्ट माझ्याकडे परत आला. आता याच्यावर माझी भरणी चढवतो, तासतो, वरून कोणाला काय कळणार आहे. मग तो अख्खाच्या अख्खा माझा शाफ्ट, आणि सुरमईही माझीच, कोणाशी वाटणी नाही. मी रॉडचं पाकीट फोडलं, शाफ्ट खाली घेतला, वेल्डिंगचं बटण दाबलं.

लाइट गेली.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते तशी गेली, म्हणजे कधी येईल हे कोणाला विचारण्यात अर्थ नाही अशी. मी अंधारात रॉड हातात धरून बसलो. बाहेर पाऊस, आत दमट, चिऱ्याच्या भिंतीवरून पाणी गळत होतं. समोरच्या शेडमधून मात्र उजेड येत होता. त्याच्याकडे जनरेटर होता. अर्थातच होता.

शेवटी तो छत्री घेऊन आलाच. "लाइट नाही म्हणून विचारायला आलो, दादा. काही हवंय का?"

"काही नको. झालंय काम. उद्या नेतो."

त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि शाफ्टवर धरला. चमकत्या जागेवर, बरोबर मधोमध, एक अंगठा उमटला होता. तांबडा. रेषा न् रेषा स्पष्ट, तलाठी कार्यालयात घेतात तसा. माझ्या हाताचा घाम आणि पावसाळी हवा, उघड्या पोलादाला गंजायला तेवढं पुरतं.

"दादा, हा अंगठा कुणाचा?"

"चाचांचा असेल. सारखे हात लावत होते."

त्याने टॉर्च खाली केला आणि माझा हात बघितला. तासलेल्या लोखंडाचा मळ माझ्या अंगठ्याला होताच.

"माझ्या थरावर अंगठा गंजत नाही," तो म्हणाला.

टॉर्च ट्रेकडे गेला. त्याने ती लांब साल उचलली, बोटांत धरून उजेडात फिरवली. मला वाटलं आता बोलेल. त्या दिवशी त्याने मला एक तरी शब्द बोलायला हवा होता, मी त्याला आयुष्यभर त्या शब्दावर धरला असता.

"चला," तो म्हणाला. "ते टोक तुम्ही धरा."

पावसातून आम्ही शाफ्ट रस्त्यापलीकडे नेला. पुढे तो, मागे मी. त्याने माझा अंगठा घासून काढला, पुसला, सगळं कोरडं केलं, शाफ्ट लावला आणि मशीन सुरू झालं. मी हिरव्या काचेतून बघत उभा राहिलो. जनरेटर बंद पडावा असं मनात येत होतं, आणि जनरेटर बंद पडला तर चाचांची बोट बंदी उठल्या दिवशी किनाऱ्यावर राहील आणि माझं तोंड मिरकरवाड्यात दाखवता येणार नाही, हेही मनात येत होतं. दोन्ही एकाच वेळी. पट्टीला पट्टी लागत होती. इतकं एकसारखं काम माझ्या हातून कधी झालं नाही, आणि हे कबूल करताना मला आजही दात दुखल्यासारखं होतं.

एक थर झाला. मशीन थांबलं नाही, पुन्हा पहिल्या टोकाला गेलं.

"परत का?" मी विचारलं.

"या वेळी दोन देतोय. एक तुमच्या पहिल्या कटासाठी, एक बोटीसाठी."

हे त्याने न हसता, अगदी कामाच्या सुरात सांगितलं. तेवढ्यात चाचा छत्री झटकत आत आले. माझ्या शेडमध्ये शाफ्ट दिसला नाही म्हणून शोधत आले होते.

"हा परत इथे कसा?"

मी तोंड उघडलं. त्यातून काय निघणार होतं ते मलाही माहीत नव्हतं.

"माझाच थर जरा कमी पडला, चाचा," साडू म्हणाला. "दादांनी माप घेतलं, मग लक्षात आलं. अजून एक देतोय."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं झालं बघितलंस," ते मला म्हणाले.

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं. पण आतून जळून गेलो. त्याचा एसी, त्याचा जनरेटर, ती नारिंगी हाताची ऐट, हे सगळं उद्या कोणीतरी मलाही आणून देईल. पण माझी चूक अशी पटकन स्वतःवर घेऊन पुन्हा मशीनकडे वळणं, चेहऱ्यावर काही न येता, हे कोणाकडे मिळतं? मी असतो तर निदान सहा महिने चहाच्या टपरीवर सांगत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी लाइट आल्यावर मी शाफ्ट हलक्या हाताने तासला. इतक्या हलक्या हाताने की चाक फिरतंय का ते बघायला मला चष्मा लावावा लागला. शाफ्ट मापात आला, बोटीत बसला, बंदी उठली आणि चाचांची बोट पहिल्याच दिवशी बाहेर पडली.

मग मी हिशेब मांडला. चाचांच्या समजुतीप्रमाणे चूक साडूची. पकडली मी. शेवटचा हात माझा. म्हणजे सुरमई माझी. यात कुठे फट आहे का, हे मी सगळ्या बाजूंनी तपासलं. फट नव्हती. बोट परत यायच्या दिवशी मी सकाळीच मिरकरवाड्याच्या जेटीवर हजर. शाफ्ट कसा चालला ते विचारायला.

चाचा टोपल्यांच्या मधोमध उभे होते. एका बाजूला बर्फावर एकटीच ठेवलेली सुरमई, माझ्या हाताएवढी लांब.

"शाफ्ट कसा आहे?"

"लोण्यासारखा फिरतो. थेंब पाणी नाही आत."

"वा," मी म्हणालो. थोडा वेळ समुद्राकडे बघितलं. मग म्हणालो, "मी आज घरीच आहे, चाचा."

"असं की. सुट्टीच्या दिवशी घरीच असावं." मग ते माझ्या जवळ आले. "ऐक. सुरमई यंदा तिकडे जाणार. तुझ्या साडूकडे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही बसला असता.

"पण त्याचा तर थर कमी पडला होता, चाचा."

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझे वडील आठवले. "कमी पडला होता? अरे, मी तुझ्यासमोर स्टुलावर बसलो होतो. तुझ्या बापाच्या कामाची साल तुटून तुटून पडायची, माझ्या पायावर ठिणग्या यायच्या. तुझीही तशीच. त्या दिवशी लांबच लांब वेणी पडत होती. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू एवढा छान बोलत होतास," चाचा म्हणाले. "पाठीच्या कण्याचं वगैरे. मध्ये कसं बोलू?"

घरी आलो ते भाट्याच्या पुलापर्यंत उगीचच जाऊन, लांबून. बायकोला सांगितलं, आज पोट बरं नाही, रात्री मऊ भात कर, मासे नकोत. तिने विचारलं, मासे आणलेत कुठे? मी म्हणालो, नाहीतच, म्हणून नकोत. ती विळीवर बसून नारळ खवत होती. खवणीची चंदेरी कडा दिसत होती आणि खोबरं कापसासारखं पडत होतं.

दिवेलागणीला साळी आली. हातात स्टीलचा मोठा डबा. दारातूनच बहिणीच्या हातात दिला, "ताई, तिकडून आलंय, ह्यांनी दादांना द्यायला सांगितलंय," म्हणाली आणि रिक्षा थांबलीय म्हणून गेली. डब्याला ओला गारवा सुटला होता. मी खुर्चीवरूनच ओळखलं.

"शेपटीकडचं असेल," मी म्हणालो. "उरलंसुरलं. मला नको. पोट बरं नाही म्हटलं ना."

बायकोने झाकण काढलं. आत तुकडे नीट एकावर एक लावलेले, गोल, जाड, मधला काटा बरोबर मध्ये. शेपटीचा एकही नाही. तिने एक तुकडा उचलून उजेडात धरला, परत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी शर्टाकडे नाही.

"मधले तुकडे पाठवलेत भावोजींनी," ती म्हणाली. "त्यांच्या जागी तुम्ही असतात, तर वाससुद्धा घराबाहेर जाऊ दिला नसतात."